एईईजीच्या ट्रेसवरून बाळाच्या पुढच्या वाढीबद्दल पालकांना किती सांगावं?

कराड_एसएनसीयू
आमच्या नवजात बाळांच्या विशेष युनिटला (एसएनसीयू) दोन चॅनेलचा एईईजी मॉनिटर नुकताच आलाय. डोक्याला इलेक्ट्रोड लावून तो मेंदूची विद्युत हालचाल वर-खाली कड असलेल्या एका पट्ट्यात (ट्रेस) सलग दाखवतो. जन्मल्यावर न रडलेली, एचआयईची (जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेली) बाळं पाटण-ढेबेवाडीकडून रेफर होऊन येतात. पोचेपर्यंत चार-पाच तास गेलेले असतात. दोन अडचणी आहेत. पहिल्या सहा तासांत बर्स्ट सप्रेशन (मेंदू बराच वेळ शांत, मधूनच उसळी) दिसलं तर घरच्यांना काय सांगायचं? आजी थेट विचारते, "पोरगं चालंल का?" दुसरी अडचण उलटी: बाळ पार गळाठलेलं, पण पट्टा मात्र नॉर्मलच्या जवळ. असं का होतं?

मिरज_निओ
दुसरं आधी घेतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. पट्ट्याची खालची कड ६-७ मायक्रोव्होल्टवर दिसली की आपण निर्धास्त होतो. पण मेंदू जवळजवळ शांत असताना ईसीजी, स्नायूंची हालचाल किंवा हाय-फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटरची (अतिवेगाने श्वास देणारं यंत्र) थरथर ती कड वर उचलून धरते. म्हणून प्रत्येक शिफ्टला पट्ट्याखालचा कच्चा ईईजी (मेंदूच्या मूळ लहरी) उघडून बघायचाच. त्यातले टोकदार ठोके मॉनिटरवरच्या हृदयाच्या ठोक्यांशी जुळत असतील, तर तो मेंदू नव्हे.

इलेक्ट्रोड सी३-सी४ आणि पी३-पी४ या डोक्यावरच्या ठरलेल्या जागांना, ग्राउंड कपाळावर. लावण्याआधी रक्त आणि व्हर्निक्स (जन्मतः अंगावरचा पांढरा चिकट थर) पुसून प्रेप जेलने त्वचा हलकी घासा. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड-त्वचेतला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत आला तर उत्तम, १० च्या वर गेला तर पुन्हा लावा. डोक्यावर कॅपटची (प्रसूतीतल्या दाबाने आलेली) सूज असेल किंवा इलेक्ट्रोड फार जवळ बसले असतील, तर व्होल्टेज खोटं कमी दिसतं. सूज असल्याची नोंद ट्रेसवरच करा, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर त्याला सप्रेशन समजतो.

कृष्णाकाठ
सरांनी ट्रेस खरा कसा ठरवायचा ते सांगितलं. आता वेळेचं. पूर्ण दिवसांच्या बाळात खालची कड ५ च्या वर आणि वरची १० च्या वर असेल तर नॉर्मल. खालची ५ च्या खाली पण वरची १० च्या वर, तर मध्यम बिघाड. दोन्ही खाली गेल्या तर गंभीर. बर्स्ट सप्रेशनमध्ये खालची कड ०-२ वर सपाट चिकटलेली असते आणि मधूनच उसळ्या येतात.

पण सहा तासांच्या एका चित्रावर भाकीत करू नका. कूलिंग (बाळाचं शरीर थंड ठेवण्याचा उपचार) न केलेल्या बाळात ट्रेस २४ तासांत सावरला, कूलिंग केलेल्यात ४८ तासांत सावरला, तर आशा चांगली. ४८ नंतरही सप्रेशनच असेल, तर धोका खरोखर मोठा. झोप-जागेपणाच्या लाटा कधी परतल्या ते तासानिशी लिहा. सावरण्याची ती पक्की खूण आहे.

झटक्यांचं औषध फेनोबार्बिटोन २० मिग्रॅ प्रति किलो दिलं की पट्टा खाली बसतो. पहिल्या आठवड्यात ते शरीरातून फार सावकाश जातं, मिडाझोलाम या गुंगीच्या औषधानेही तसंच होतं. डोसची वेळ ट्रेसवर मार्क केलेली नसेल, तर ४८ तासांचा निकालही संशयास्पद. शिवाय औषधाने झटके दिसायचे थांबतात, ट्रेसवर मात्र चालूच राहू शकतात: खालची कड अचानक उसळते, करवतीसारखी. थोड्याच सेकंदांचे किंवा इलेक्ट्रोडपासून लांब उमटणारे झटके एईईजी चुकवतो.

कूलिंग ३३.५ अंशांवर ७२ तास हे पाश्चात्त्य अभ्यासांतून आलंय. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांच्या हेलिक्स चाचणीत (२०२१) त्याचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. तिकडचे ४८ तासांचे आडाखे आपल्या बाळांना लावताना हे विसरू नका.

सातारा_डीईआयसी
आजीच्या प्रश्नाचं उत्तर ट्रेस एकटा देत नाही. एमआरआय पहिल्या आठवड्यात, शक्यतो चौथ्या ते सातव्या दिवसात करा. बेसल गँग्लिया-थॅलॅमसची (मेंदूच्या खोल भागातली केंद्रं) इजा हालचालीचा धोका सांगते. वॉटरशेड भागातली (दोन रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचा मेंदूचा भाग) इजा फसवी: मूल वेळेवर चालतं आणि अडचण शाळेत, भाषेत, लक्ष देण्यात उघडी पडते.

फाइलवर तारखा आत्ताच घाला. तीन महिन्यांना जनरल मूव्हमेंट्सचा (बाळाच्या आपसूक हालचालींचा) व्हिडिओ (बाळ जागं, शांत, पाठीवर, तोंडात चोखणी नाही) आणि हाइन परीक्षा (बाळाच्या मज्जासंस्थेची गुणांकित तपासणी). त्या वयात हाइन ५७ च्या खाली आला आणि फिजेटी (छोट्या, सतत वळवळत्या) हालचाली नसल्या, तर सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींचं अपंगत्व) धोका मानून थेरपी लगेच सुरू करा, पक्क्या निदानाची वाट बघू नका. बेरा (ऐकण्याची तपासणी) तीन महिन्यांच्या आत. डोक्याचा घेर प्रत्येक भेटीत. १८ ते २४ महिन्यांना बेली किंवा डीएएसआयआय (बाळाच्या विकासाच्या चाचण्या).

घरच्यांना "मतिमंद होणार" हे शब्द कुणीही उच्चारू नयेत, पहिल्या आठवड्यात तर अजिबात नाही. "मेंदूला मार बसलाय, दोन दिवसांत कितपत सावरतो ते बघू, तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवू नका", एवढं खरं आणि पुरेसं. आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेतून जिल्हा केंद्राला (डीईआयसी) रेफरल चिठ्ठी डिस्चार्जच्या वेळीच द्या. नंतर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सापडत नाही.

कराड_एसएनसीयू
हेच आकडे ३० आठवड्यांच्या बाळाला चालतील का?

कृष्णाकाठ
नाही, मॅडम. त्या वयात ट्रेस तुटक असणं स्वाभाविक आहे, झोप-जागेपणाच्या लाटाही धूसर असतात. गर्भवयानुसार वाचा, नाहीतर चांगलं बाळही गंभीर ठरेल.