सातवा लागलाय आणि माझ्या ताटात अख्ख्या जगाला डोकावायचंय, काय करू?

गोडाशिवाय_गौरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज मात्र लिहायलाच लागतंय. पहिलं बाळ, सातवा महिना लागलाय, पुण्यात सासूसासऱ्यांसोबत राहतो आणि ऑफिस हिंजवडीला. मध्ये ती ग्लुकोजची टेस्ट झाली, ७५ ग्रॅम पावडर पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात ना ती, त्यात १४० च्या आत यायला हवी होती तर माझी १५४ आली. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नकोस, आधी दोन आठवडे खाणं बदलून बघू, नाहीच आली आटोक्यात तर गोळी नाहीतर इन्सुलिन. तर आता जेवणानंतरची १२० च्या आत राहतेय, पण त्यासाठी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खावं लागतं आणि गोड पूर्ण बंद आहे.

आता गंमत बघा. घरी सासूबाईंचं म्हणणं की मी खातच नाही. "अगं दोन जिवांची आहेस, एवढ्याशा भातानं काय होणार", मग दुधात साखर आणि केशर घालून ग्लास हातात, शेजारच्या काकू त्यात भर घालतात की केशरानं बाळ गोरं होतं. आणि ऑफिसात बरोबर उलटं! अकराला मूग काढले की पलीकडच्या डेस्कवरून "परत डबा?", चार वाजता फुटाणे खाल्ले की "बघ हं, नंतर वजन उतरत नाही, माझ्या बायकोला विचार". हे एक सर तर रोज, अगदी रोज, मोजल्यासारखं बोलतात. शुगरचं मला ऑफिसात कुणाला सांगायचं नाहीये, लगेच "आमच्या मावसबहिणीचं असंच झालं होतं" सुरू होतं. काल कंटाळून चारचं खाणंच टाळलं तर घरी येईपर्यंत हातपाय थरथरायला लागले.

भांडायचं नाहीये मला कुणाशी, पण गप्पही बसवत नाहीये. तुम्ही काय केलंत?

सातारची_सून
गौरी पहिलं म्हणजे चारचं खाणं टाळू नकोस बाई, तो माणूस काय तुझी शुगर सांभाळायला येणारे का.

मलाही दोन्ही वेळेला शुगर होती. ऑफिसचं सांगते, जेवढं समजावून सांगशील तेवढे लोक शहाणपण शिकवतात. "परत डबा?" म्हटलं की "हो, भूक लागली" एवढंच म्हणायचं आणि चावत राहायचं. हसायचं नाही, कारण द्यायचं नाही. समोरच्याला पुढं काय बोलावं कळत नाही, दोन-चार दिवसांत थांबतात. नाहीच थांबले तर सगळ्यांसमोर शांतपणे विचारायचं, "सर, तुम्ही रोज माझ्या डब्याकडे का बघता?" एकदाच विचारावं लागलं मला.

सासूबाईंचं वेगळं आहे, तिथं असं तोडून चालत नाही. मी काय केलं, पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं. मी महिनाभर जे सांगत होते तेच डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं आणि ते लगेच पटलं (राग येतो पण असंच असतं). मग घरी मशिन आणलं आणि सांगितलं की आई, मला विसरायला होतं, आकडे तुम्ही लिहाल का. कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी माझी शुगर. एक दिवस साबुदाण्याच्या खिचडीनंतर १६० च्या वर गेली तर त्याच म्हणाल्या, आता ही उपासाची खिचडी बंद. शेजारच्या काकूंना पण मग त्याच उत्तर द्यायला लागल्या, मला तोंड उघडायचीही गरज उरली नाही.

डाएटवाली_ताई
आहाराचंच काम करते म्हणून थोडं लिहिते. ते "दोन जिवांचं" आहे ना, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीत गरोदर बाईला दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त सांगितल्यात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, संपलं. दुसऱ्या माणसाचं ताट नाही. बाळाच्या रंगाचा केशराशी काडीचा संबंध नाही, तो आईबापाकडून येतो. नारळपाण्याचंही तेच, आणि तुपानं बाळ सरकन बाहेर येतं हेही खरं नाही, तूप पोटात पचतं, वाट गुळगुळीत करायला जात नाही. जोडकेळं खाऊन जुळं होत नाही. पपई कच्ची नको, तिच्यात चीक असतो, पिकलेल्या पपईचं तेवढं भय नसतं पण शुगर असताना कुठलंही फळ मोजूनच.

ज्याच्यावर बोलायला हवं त्यावर मात्र कुणी बोलत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतात बायका, आणि कॅल्शियमची पण त्याच घोटात. दोन्हींत दोन तास अंतर ठेवा, चहा तर गोळीच्या आसपास नकोच, लोह अंगी लागत नाही. आणि कुणाला पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती खावीशी वाटत असेल तर घरातले हसतात, डोहाळे म्हणून कौतुक करतात. तसं करू नका, हिमोग्लोबिन तपासा. अकराच्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया, आणि माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा त्याचंच लक्षण असतं.

बांगडा_फ्राय
माझं दुखणं निराळंच. मी मालवणची, सासर शाकाहारी. लग्नाच्या वेळी कुणाचं काही म्हणणं नव्हतं, दिवस राहिल्यावर एकदम बाळावर संस्कार आठवले सगळ्यांना. माझ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय की बांगडा, तारली खा, फक्त मोरी (म्हणजे शार्क) आणि मोठाली सुरमई टाळ, त्यांच्यात पारा जास्त असतो. आता मी माहेरी जाऊन खाते नि येताना बडीशेप चघळत येते, कॉलेजात सिगारेट ओढणारी पोरं यायची तशी 😄

जुनी_खोड
मुलींनो, मी तुमच्या सासवांच्या वयाची, म्हणून एक बोलते, राग मानू नका. माझ्या पहिल्या खेपेला घरात अकरा माणसं. पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासू, जावा, आणि मी शेवटी. मला आठव्या महिन्यात रात्री भूक लागायची, तर फडताळातला गुळाचा खडा आणि शेंगदाणे पदरात बांधून मोरीत जाऊन खायचे, डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते मांडीवर दाबून उघडायचे. कुणी विचारलं नाही की तुला काय हवंय. माझ्या सुनेला दिवस राहिले तेव्हा मी तिच्या मागे मागे ताट घेऊन फिरले, ती वैतागली असणार, बोलली नाही बिचारी. तर त्या साखरेच्या दुधात नुसता अडाणीपणा नसतो एवढंच माझं म्हणणं. सातारच्या सुनेनं केलं ते मला फार आवडलं, काम द्या त्यांना.

ऑफिसातल्या त्या बाप्याला मात्र अजिबात सोडू नकोस. त्याचा काय संबंध!

होणारा_बाप
सगळं बरोबर आहे पण यात नवरा कुठंय? गौरीताईंनी लिहिलं त्यात त्यांचा उल्लेखच नाही. आमच्याकडे पण आईचं सुरू झालं होतं, मी एका रविवारी आईला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या जेवणाबद्दल जे काय ते मला सांग, तिला नाही. बायको बोलली की "उलट उत्तर देते" आणि मी बोललो की "काळजी करतो", हे चूक आहे पण आहे, तर मग त्याचा फायदा तरी घ्या ना.

सातारची_सून
@होणारा_बाप तुम्हाला डाएटवाली ताईंचा कोर्स माफ.

गोडाशिवाय_गौरी
सगळ्यांना थँक्यू, डोळ्यात पाणीच आलं जुनी खोड काकूंचं वाचून. नवऱ्याचा उल्लेख नाही कारण तो "तू लक्ष देऊ नकोस गं" एवढंच म्हणतो, आता हा धागाच वाचायला दिलाय त्याला. पुढच्या बुधवारी तपासणी आहे, सासूबाईंना नेते.

अजून एक राहिलंच. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण ठरतंय. साठेक बायका, प्रत्येक जण भरवणार, आणि नाही म्हटलं की बाळाला नाही म्हटल्यासारखं. शिवाय ते पेढा की बर्फी, आणि "तुला आंबट खावंसं वाटतंय म्हणजे मुलगीच". ते कसं निभावू?

सातारची_सून
दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच ठेव, संध्याकाळी चहा-फराळाचं नको, म्हणजे भरवणं हेच तुझं जेवण होतं, वर वेगळं जेवायला लागत नाही. आधी मूठभर मूग नाहीतर एखादं अंडं खाऊन बस, उपाशीपोटी गोड घेऊ नकोस. भरवायच्या ताटात पहिल्यापासूनच ढोकळा, काकडी, पनीर, उकडलेले दाणे असं ठेवायला सांग, बायकांना काहीतरी भरवायला मिळालं की झालं, ते पुरणपोळीच हवं असं नसतं. मी एक पेढा घेतला होता, नखाएवढा तुकडा तोंडात, उरलेला शेजारी बसलेल्या नणंदेच्या हातात. कार्यक्रम आटपल्यावर पंधरा मिनिटं चाल आणि दोन तासांनी बोट टोच. आणि डॉक्टरांना आधी विचारून ठेव त्या दिवसाचं, त्यांना हे नवीन नसतं.

बांगडा_फ्राय
आणि मुलगा-मुलगीवाल्यांना सांगायचं, सोनोग्राफीच्या बाहेर बोर्ड वाचला नाही का, गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, चिंचेवरून केलं तरी 😂

डाएटवाली_ताई
गौरी, ते हातपाय थरथरले म्हणालीस ते बुधवारी नक्की सांग डॉक्टरांना. आणि पुन्हा तसं झालं तर आधी मशिनवर बघ, आकडा लिहून ने.