सादाको बघून झोप आली म्हणे!

पडद्यामागचा_बोका
कालच्या 'वीकेंडला काय बघू' धाग्यावर निवांतराव यांनी लिहिलंय की जपानी हॉरर म्हणजे केस मोकळे सोडलेली एक बाई आणि दीड तास वाट बघणं, 'रिंगू' लावला तर अर्ध्यात डोळा लागला, त्यापेक्षा अमेरिकन रिमेक बरा, निदान काहीतरी घडतं तरी. त्यावर चाळीसेक लोकांनी हसणारे चेहरे टाकलेत. तिथेच लिहिणार होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. स्पॉयलर म्हणून ओरडू नका, पिक्चर १९९८ चा आहे.

टीव्हीतून बाई बाहेर येते हा 'रिंगू'तला सगळ्यात गाजलेला सीन आहे, सगळ्यात भीतीदायक नाही. खरी गंमत त्याच्या आधी आहे. (न बघितलेल्यांसाठी: एक शापित व्हिडिओ टेप, बघितली की सात दिवसांत मरण. टेपमागे विहिरीत मेलेल्या सादाकोचं भूत. पत्रकार रेइको आणि तिचा पोरगा दोघांनीही ती बघितलेली.) रेइको विहिरीत उतरते, गाळात हात घालून सादाकोची हाडं शोधते, कवटी छातीशी धरते. आपल्या कुठल्याही गोष्टीत हे इथे संपलं असतं, अस्थी मिळाल्या, आत्म्याला गती मिळाली, चला घरी. प्रेक्षक पण सुटलो म्हणून मागे टेकतो. आणि दुसऱ्या दिवशी तिचा नवरा (घटस्फोटित, पण असो) मरतोच. म्हणजे सादाकोला गती-बिती नकोच होती. टेपची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवायची, एवढाच सुटायचा मार्ग. शेवटी ही बाई पोराला वाचवण्यासाठी टेप आणि व्हीसीआर गाडीत टाकून स्वतःच्या वडिलांकडे निघते. आई म्हणून ती बरोबर, मुलगी म्हणून खुनी. हे बघून ज्याला झोप येते त्याला मी काय सांगणार.

आणि सादाकोचं ते चालणं! ते काम केलेल्या रिए इनो काबुकीच्या, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाच्या, तालमीतल्या. त्यांना उलटं चालायला लावून शूट केलं आणि फिल्म उलटी फिरवली, त्यामुळे ते अंग असं नको तिथे झटके देत पुढे येतं. कॉम्प्युटरची करामत नाही. निवांतरावांना 'काहीतरी घडायला' हवं असेल तर हे घडतंय.

निवांतराव
स्वतंत्र धागा! एवढी प्रसिद्धी आमच्या लग्नातही मिळाली नव्हती, आभार.

मुद्द्याचं बोलू. पांढरे कपडे, मोकळे केस, तोंड खाली. आपल्याकडे १९६४ साली 'वो कौन थी'त साधना पांढऱ्या साडीत भर पावसात रस्त्यावर उभी होती. मग जपान्यांनी नवीन काय केलं? ओल्या केसांना तेल लावलं नाही एवढंच.

दुसरं, तुमची ही महान सादाको २०१२ साली टोकियो डोममध्ये मॅचच्या आधी बेसबॉलचा पहिला बॉल टाकायला आली होती, शोधून बघा, केस तोंडावर घेऊन माउंडवर उभी आहे. २०१६ मध्ये तिची आणि 'जू-ऑन' या दुसऱ्या जपानी हॉररमधल्या कायाको नावाच्या भुताची मारामारी लावून अख्खा पिक्चर काढला. ज्या भुताला त्याच्याच गावात उद्घाटनाला बोलावतात त्याला आम्ही घाबरायचं?

मीनू_के
निवांतराव, 'रिंगू' कशावर बघितलात ते सांगा आधी.

निवांतराव
मोबाईलवर. लोकलमध्ये. हिंदी डब होता. का, परवाना लागतो का?

मीनू_के
झालं. पुढे बोलायचीच गरज नाही. त्या पिक्चरचा निम्मा आवाज म्हणजे शांतता आहे आणि तुम्ही तो 'अगला स्टेशन कळवा'च्या खाली ऐकलात.

मला स्वतःला 'रिंगू' ठीकठाक वाटतो, 'जू-ऑन'ने मात्र वाट लावली होती. हॉस्टेलला होते, रूममेट गावाला गेलेली. भीती वाटली की आपण काय करतो, पांघरूण डोक्यावरून घेतो ना? त्यात ती बाई पांघरुणाच्या आतच असते! म्हणजे लपायची शेवटची जागा पण दिग्दर्शक शिमिझूने काढून घेतली. मी त्या रात्री पांघरूण न घेता झोपले, जानेवारीत, नाशिकला. आणि तो घशातला कर्र्र आवाज दिग्दर्शकाने स्वतः काढलाय हे नंतर वाचलं तरी काही फरक पडला नाही.

रानमाणूस_सिंधुदुर्ग
हे सगळं ज्यांनी कोकणात रात्र काढली नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, चकवा आहे, खवीस आहे, हाकामारी आहे, गिऱ्हा आहे. एक बाई आणि एक विहीर घेऊन जपानी एवढे उड्या मारतात, आमच्याकडे विहिरीगणिक आहेत.

पडद्यामागचा_बोका
मी वाटच बघत होतो कोकण कधी येतंय त्याची. पाचव्या-सहाव्या प्रतिसादाला आलंच.

साहेब, संख्या काय सांगता? तुमच्या सगळ्या भुतांशी बोलणी करता येतात. मुंजाला पिंपळ ठरलेला, त्याची सोडमुंज राहिलेली. देवचाराला सीमेवर नारळ, कोंबडा, वर्षाचा मान. गाऱ्हाणं घातलं, चूक कबूल केली की विषय संपला. उलट गावाची राखण पण करतात. कायाकोला काय देणार? त्या घरात पाऊल टाकलं की संपलं, तुम्ही चांगले, वाईट, नर्स, पोस्टमन, तिला देणंघेणं नाही. भीती त्या बेहिशोबीपणाची आहे.

रानमाणूस_सिंधुदुर्ग
पुण्यात बसून देवचाराचे रेट सांगू नका. आमच्या मामाला चकव्याने रात्रभर एकाच शेतात फिरवला होता, पहाटे घरापासून हाकेच्या अंतरावर सापडला, चपला गायब. त्याने कोणाची काय चूक केली होती? बेहिशोबी म्हणे.

निशीकासाईकर
टोकियोतून लिहितोय. बोकासाहेब, तुमचा मुद्दा नव्या पिक्चरना लागू आहे, जुन्या जपानी भुतांना अजिबात नाही. तिथेही हिशोब असायचाच. 'योत्सुया काइदान' हे काबुकी १८२५ चं, त्यातल्या ओइवाला औषध म्हणून विष दिलं जातं, चेहरा सुजतो, केस विंचरताना झुबकेच्या झुबके हातात येतात, ती मरते आणि नवऱ्याचा पिच्छा पुरवते. म्हणजे ज्यांनी तिचं वाटोळं केलं त्यांचाच, भलत्यासलत्याचा नाही. आजही तो खेळ लावायच्या आधी नट मंडळी टोकियोतल्या योत्सुया भागातल्या तिच्या देवळात जाऊन पाया पडून येतात, त्यामुळे गाऱ्हाणं इकडेही आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी हद्दपारीत मेला ९०३ साली, त्यानंतर राजधानीत वीज पडली, माणसं मेली, तर घाबरून त्याला देव केला, आता पोरं परीक्षेच्या आधी त्याच्याच देवळात मागणं लिहिलेली लाकडी पाटी बांधतात. टोकियोतल्या ओतेमाचीत मोठमोठ्या बँकांच्या इमारतींच्या मधोमध मासाकादो या जुन्या बंडखोर योद्ध्याच्या मुंडक्याची समाधी आहे, त्या भागात जमिनीचा भाव काय असेल विचार करा, तरी ती कोणी हलवत नाही.

आणि निवांतराव, बेसबॉलचं म्हणाल तर इथे भूत हा उन्हाळ्याचा आयटम आहे. ऑगस्टमध्ये ओबोनला पितर घरी येतात, त्याच सुमारास भुताच्या गोष्टी, भुताची घरं, सगळं. अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणतात. भीती आणि करमणूक इथे वेगळी नाहीच, त्यामुळे सादाकोने बॉल टाकला म्हणून ती बाद होत नाही.

श्रीकाका_डोंबिवली
मी यातलं एकच बघितलंय, मुलीने लावलं होतं, 'डार्क वॉटर', २००२ चं, 'रिंगू'च्याच दिग्दर्शकाचं, नाकाताचं. घटस्फोटाची केस चालू असलेली बाई, मुलगी लहान, स्वस्तातला फ्लॅट घेते आणि पहिल्या दिवसापासून सीलिंगला ओल. डाग मोठा होत जातो, पाणी टपकायला लागतं, वरचा फ्लॅट बंद, आणि बिल्डिंगचा मॅनेजर म्हणतो बघतो बघतो. मला भुताचं काही वाटलं नाही हो. मला तो मॅनेजर बघून घाम फुटला. आमच्या बेडरूमला कित्येक पावसाळे हेच चालू आहे. वरच्या फ्लॅटचा मालक परदेशात, भाडेकरू दर अकरा महिन्यांनी नवीन, सोसायटी म्हणते तुम्ही दोघं आपसात मिटवा. डाग आता पंख्यापर्यंत आलाय.

मीनू_के
काका 😂 पण अगदी बरोबर, त्या पिक्चरमध्ये पाणी हेच भूत आहे.

चार्वाक_ठाणे
श्रीकाका, वरच्या बाथरूमच्या आतल्या लाइनमधून गळती असेल तर खर्च वरच्या मेंबरचा. टेरेस, बाहेरची भिंत किंवा सामायिक पाइपमधून असेल तरच सोसायटीचा. आदर्श उपविधी वाचा. लोक उगाच कमिटीला शिव्या घालतात. मी सेक्रेटरी होतो, मला विचारा, फुकटचं काम आणि वर लोकांचे टोमणे.

श्रीकाका_डोंबिवली
उपविधी मला पाठ आहे साहेब. बाथरूमचं आहे की बाहेरच्या भिंतीच्या भेगेचं हे ठरवायला वरच्या फ्लॅटचं दार तर उघडायला हवं? पत्रं दिली, पोच घेतली, एजीएममध्ये बोललो तर म्हणे हा विषय अजेंड्यावर नाही.

चार्वाक_ठाणे
मग अजेंड्यावर घ्या असं आधी लेखी द्यायचं असतं. नियम माहीत नसताना...

श्रीकाका_डोंबिवली
लेखी दिलं होतं! तुमच्यासारख्याच एका सेक्रेटरीने फाईलला लावून ठेवलं. तुम्हा लोकांना ओल दिसत नाही, फक्त जावक क्रमांक दिसतो.

चार्वाक_ठाणे
'तुम्हा लोकांना' म्हणजे? रात्री साडेअकराला पंप बंद करायला गेलोय मी टेरेसवर, स्वतः, ताप असताना. तुमच्यासारखे मेंबर असले की माणूस कमिटीत यायलाच नको म्हणतो.

रानमाणूस_सिंधुदुर्ग
रसायनवाला वॉटरप्रूफिंग करू नका, दोन वर्षांत सुटतो. जुन्या पद्धतीचा विटांचा कोबा घाला.

जुई_स्टुटगार्ट
कोबा?? धागा जपानी हॉररचा आहे ना की मी चुकून दुसरीकडे आले?

असो. कुणी 'काइरो'चं नाव कसं घेतलं नाही? कियोशी कुरोसावा, २००१. नेटवरून भुतं येतात, कारण त्यांच्या जगात आता जागा उरलेली नाही. तेव्हा मोडेमचा कर्कश्श आवाज करत नेट लागायचं, त्या काळात या माणसाने दाखवलंय की लोक एकेकटे खोलीत स्क्रीनसमोर बसलेत, हळूहळू कुणाशी बोलेनासे होतात आणि एक दिवस भिंतीवर नुसता काळा डाग उरतो. मी तो लॉकडाऊनमध्ये बघितला, इथे नवीन होते, ओळखीचं कुणी नाही, ऑफिस त्याच टेबलावर जिथे जेवायचे. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो फक्त 'यू आर ऑन म्यूट'. पिक्चर संपल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला तर तो पण अडकला, आईचा चेहरा अर्धवट हलताना थांबला. मी लॅपटॉप धाडकन बंद केला. आईला वाटलं मी चिडले.

त्यात एक बाई खोलीच्या टोकाकडून नुसती चालत येते. मध्येच तिचा पाय मुडपल्यासारखा होतो, तोल जातो, आणि ती सावरून परत येतच राहते. बस, एवढंच. दचकवणारा आवाज नाही. निवांतराव, हे मोबाईलवर बघू नका, विनंती आहे.

निवांतराव
जुईताईंनी विनंती केली म्हणून कालच लावला. टीव्हीवर, दिवे बंद, जपानी आवाज, खाली सबटायटल, एकदम सोवळ्यात. ती चालणारी बाई... ठीक आहे. त्या एका सीनला मी पाय सोफ्यावर घेतले, लिहून घ्या, फ्रेम करा. उरलेला पाऊण भाग मरगळलेली पोरं कॉम्प्युटरकडे बघतायत, ते मी ऑफिसात पगार घेऊन बघतो. आणि मुळात तुम्ही सगळे जे सांगताय ते पांघरूण, सीलिंग, लॅपटॉप. म्हणजे पिक्चर भीतीदायक नाही, तुमची घरं भीतीदायक आहेत.

पडद्यामागचा_बोका
अहो मग तेच तर! अमेरिकन भूत जुन्या बंगल्यात असतं, तिथे न जाण्याची सोय असते. हे भाड्याच्या फ्लॅटमध्ये येतं. पण तुम्ही सोफ्यावर पाय घेतलेत यापुढे मला काही बोलायचं नाही, वर्षभर पुरेल.

निवांतराव
'जू-ऑन'चं अमेरिकन रूप त्याच शिमिझूने २००४ मध्ये स्वतःच केलं, जपानमध्येच शूट करून. अमेरिकन एवढे वाईट तर तो का गेला? पैसा चावतो का?

निशीकासाईकर
भाड्याच्या फ्लॅटवरून आठवलं. इथे ज्या घरात खून किंवा आत्महत्या झाली असेल ते एजंटने घर घेणाऱ्याला सांगावं लागतं. २०२१ मध्ये सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली, भाड्याच्या घराला साधारण ३ वर्षं सांगायचं, म्हातारपणाने किंवा आजाराने मेला असेल तर गरज नाही. अशा जागा नकाशावर ज्वाळेच्या खुणेने दाखवणारी वेबसाइट पण आहे. नाकातानेच २०२० मध्ये मुद्दाम अशा घरांत राहणाऱ्या एका विनोदी कलाकारावर पिक्चर काढला. मी घर शोधत होतो तेव्हा ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याला विचारलं, तू राहशील का अशा घरात. तो म्हणाला, भाडं किती कमी आहे?

मीनू_के
यापेक्षा पुणेरी उत्तर असू शकत नाही.

चार्वाक_ठाणे
आपल्याकडे हे लागू केलं तर ब्रोकर लोक उपाशी मरतील. आणि ३ वर्षांनी भूत काय रिटायर होतं का? अंधश्रद्धेला सरकारी शिक्का.

निशीकासाईकर
भुताचा उल्लेख त्यात कुठेच नाही, घेणाऱ्याला माहिती मिळावी एवढंच आहे. न वाचता शिक्का तुम्ही मारताय.

श्रीकाका_डोंबिवली
मला एक सांगा, तिकडे मागच्या भाडेकरूने गळतीची तक्रार केली होती हे पण सांगावं लागतं का? मेलेल्याचं जाऊ दे.

चार्वाक_ठाणे
काका, वैयक्तिक घेऊ नका पण व्यक्तिगत मेसेजमध्ये सोसायटीचं रजिस्ट्रेशन कोणत्या वॉर्डातलं ते पाठवा. उपनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा त्याचा माझा जुना मसुदा आहे, पाठवतो. कमिटीच्या विरोधात मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मदत करतोय.

श्रीकाका_डोंबिवली
पाठवला. त्या पिक्चरमध्ये शेवटी वकील मध्ये पडतो तेव्हा कुठे तो मॅनेजर हलतो, बघितलंत ना?

चार्वाक_ठाणे
नाही बघितला. मी हॉरर बघत नाही, झोप लागत नाही मला.

निवांतराव
अरेच्चा! मग इतका वेळ इथे काय करत होतात?