मदत हवी आहे: सायनोटाइपचा निळा रंग टिकवणारा कागद कोणता?

मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून सायनोटाइप (रसायनांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे छाप) करून घ्यायचे आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली ही रीत. वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्सने लगेच १८४३ पासून या रीतीने समुद्रशैवालांचे छाप काढले, आणि ते आजही पाहत राहावेत असे आहेत.

प्रमाण नेहमीचंच: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, वेगळ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, लेप देण्याआधी समभाग मिसळायचं.

अडचण उन्हात ठेवून झालेला कागद धुताना येते. बोअरचं पाणी अल्कधर्मी असलं की प्रशियन ब्लू (छापातला निळा रंग) फिका पडतो. पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घातलं की तो टिकतो (तीव्र आम्ल मात्र अजिबात नको, फेरिसायनाइडमधून विषारी वायू सुटू शकतो). पण कागदातच कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर वाळल्यानंतरही रंग उतरत राहतो. व्हिनेगरच्या थेंबाने बुडबुडे आले तर तो कागद बाद.

पुण्या-मुंबईत सुटा मिळणारा, कार्बोनेट नसलेला, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा सुती कागद कुणी वापरलाय का? आणि कोकणातल्या दमट हवेत लेप दिलेला कागद उन्हात नेण्याआधीच निळसर पडू नये म्हणून तो कसा वाळवता?