डॉसवरील प्रोटेक्टेड मोड आणि इंटरप्टचा खर्च : दोष मोडचा की हँडलरचा?

धागाकर्ता : प्रोटेक्टेड मोडमधले (जास्त मेमरी आणि अधिकारपातळ्या देणाऱ्या प्रोसेसरच्या मोडमधले) प्रोग्रॅम इंटरप्ट (उपकरणाने लक्ष वेधायला प्रोसेसरला दिलेली हाक) हाताळताना मंदावतात, म्हणून सिरियल पोर्टचा हँडलर (ती हाक आल्यावर चालणारा कोड) रिअल मोडमध्येच (डॉसच्या मूळ मोडमध्येच) ठेवावा, हा डॉसच्या काळातला सल्ला मला पटत नाही. ३८६ प्रोसेसरवर इंटरप्टमध्ये शिरायला रिअल मोडमध्ये ३७ क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) लागतात, तर प्रोटेक्टेड मोडमध्ये वरच्या अधिकारपातळीवर जाताना ९९. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० बाइट येतात. प्रत्येक बाइटमागे एक इंटरप्ट धरला, तरी वाढीव ६२ क्लॉकपायी ३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा जेमतेम दोन टक्के वेळ जातो. खरी उधळपट्टी होते ती बाकीचा प्रोग्रॅम प्रोटेक्टेड मोडमध्ये नेऊन हँडलर मागेच ठेवल्याने, कारण मग एक्स्टेंडरला (डॉसवर प्रोटेक्टेड मोडचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बाइटागणिक मोड बदलावा लागतो.

प्रतिसाद १ : आकडे बरोबर आहेत, हिशेब मात्र अर्धाच आहे. डीपीएमआयखाली (डॉसच्या प्रोग्रॅमना प्रोटेक्टेड मोड पुरवणाऱ्या प्रमाणित इंटरफेसखाली) इंटरप्ट सहसा आधी रिंग ० मधल्या, म्हणजे सर्वोच्च अधिकारपातळीवरच्या, होस्टकडे (डीपीएमआय पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जातो, तिथून खाली रिंग ३ मधल्या (सर्वांत खालच्या पातळीवरच्या) तुमच्या हँडलरकडे येतो आणि परततानाही तीच चढउतार होते. शिवाय डॉसकरवी फाइल वाचली जात असताना प्रोसेसर बहुधा रिअल मोडमध्ये असतो. त्या वेळी आलेल्या बाइटसाठी मोड बदलावा लागतो तो तुमच्या प्रोटेक्टेड हँडलरपायीच. सरासरी टक्केवारीने इथे काही सिद्ध होत नाही. फिफो (आलेले बाइट रांगेत थोपवून ठेवणारी चिपमधली जागा) नसलेल्या ८२५० या सिरियल पोर्टच्या चिपवर पुढचा बाइट ८७ मायक्रोसेकंदांत येऊन थडकतो आणि आधीचा उचललेला नसेल, तर त्यावरच लिहिला जातो.

प्रतिसाद २ : ३८६ च्या आधीच्या २८६ वर तर प्रोटेक्टेड मोडमधून रिअल मोडमध्ये परतायची सोयच नव्हती, त्यासाठी कीबोर्ड कंट्रोलरकरवी चक्क प्रोसेसर रीसेट करावा लागे. जुना सल्ला तिथून आला असावा, आणि त्या यंत्रापुरता तो योग्यच होता.

धागाकर्ता : फाइलवाचनाचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावर उपाय आहे : दोन्ही मोडसाठी वेगळे हँडलर लिहावेत, बफर (आलेले बाइट साठवायची जागा) पहिल्या एक मेगाबाइटमध्ये सामाईक ठेवावा आणि प्रोटेक्टेड हँडलरची पाने (मेमरीचे तुकडे) मेमरीत लॉक करावीत, म्हणजे ती डिस्कवर हलवली जाणार नाहीत. १६५५०ए या फिफोवाल्या चिपचा फिफो १४ बाइटांवर लावला (म्हणजे तेवढे साठल्यावरच इंटरप्ट), की इंटरप्टही सेकंदाला साधारण ८२३ वर येतात.

प्रतिसाद १ : चौदावर लावल्यास फिफोत सोळापैकी दोनच जागा उरतात, म्हणजे सुमारे १७४ मायक्रोसेकंद. विंडोज ३.१ च्या एन्हान्स्ड मोडमध्ये, जिथे इंटरप्ट कधी पोहोचवायचा हे तुमच्या हाती नसते, तिथे एवढ्यावर मी विसंबणार नाही. मी आठवर लावीन. इंटरप्ट १,४४० झाले तरी चालतील.