मदत हवी आहे: डिझेल पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलला बाहेरचं कव्हर कोणतं बसवू?

मंडळी, गाडी डिझेल पिकअप. मागचं ॲक्सल साडेअकरा इंची क्राऊनचं (क्राऊन म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक), कव्हर १४ बोल्टचं. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जातो.) दीड लाख किलोमीटर झालेत. वर्षातले पाच-सहा महिने मागे साडेचार टनांचा ट्रेलर असतो आणि वाटेत लांबच लांब चढ.

मूळचं कव्हर दाबलेल्या पत्र्याचं. खालच्या कडेला वायर ब्रश मारला तर रंगाबरोबर पत्र्याचे पापुद्रेही निघाले. महिन्याभरापासून तळाच्या तीन बोल्टांपाशी तेल पाझरतंय. बोल्ट आवळून पाहिले, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. त्यात या कव्हरला ड्रेन प्लगच नाही. तेल बदलायचं म्हणजे अख्खं कव्हर उतरवायचं, आणि पहिला लोट कोपरापर्यंत येणार हे ठरलेलं.

तेव्हा बदलायचं नक्की आहे. पण शोधायला बसलो आणि गोंधळ वाढला. कोणी म्हणतं पाठीवर उभ्या पट्ट्या (फिन) असलेलं ॲल्युमिनियमचंच घ्या, तेल थंड राहतं. कोणी म्हणतं बिडाचं घ्या, दगड लागला तरी हूं की चूं नाही. काहींत दोन लिटर जादा तेल मावतं, काहींत आतून बेअरिंग कॅपला (क्राऊनची बेअरिंगं धरून ठेवणाऱ्या पकडीला) टेकणारे बोल्ट असतात. दिसायला सगळीच भारी. यातलं खरं किती आणि दिखावा किती, हे ज्यांनी बसवलंय त्यांनी सांगा. मी गाडी दगडधोंड्यांत घालत नाही, मला फक्त ओझं ओढायचंय.

पिनियनवाला:

फिन नंतर बघा, आधी कव्हर उलटं करून त्याची आतली बाजू बघा.

क्राऊन फिरताना तळातलं तेल उचलतो आणि कव्हरच्या दिशेने भिरकावतो. मूळ कव्हरची पाठ क्राऊनच्या गोलाईला धरून असते. तेल त्या वळणावरून सरकत वर जातं, माथ्यावरून पुढे येतं आणि पिनियनच्या, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, बेअरिंगांना मिळतं. पिनियन बसतो पुढच्या बाजूला. त्याला तेल पोचतं ते असं फेकूनच, पंप वगैरे काही नसतो. आता पाठ सपाट केली, आत चौकोनी कोपरे ठेवले, की तेल भिंतीवर आपटून मागे उसळतं, पुन्हा क्राऊनवर पडतं, घुसळतं, फेस होतो. फेसाळलेलं तेल दातांमध्ये थर नीट धरत नाही आणि गरमही जास्त होतं. अशा हायपॉइड गिअरमध्ये (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो अशा जोडीत) दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. तिथे तेलाचा थर हाच सगळा खेळ.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारे अमेरिकेतले गेल बँक्स यांनी पारदर्शक खिडकी लावून वेगवेगळ्या कव्हरांत तेल कसं वाहतं ते दाखवलं होतं. त्यात सपाट पाठीच्या कव्हरांचं पितळ बरंच उघडं पडलं. ते स्वतःही कव्हर विकतात, तेवढं लक्षात ठेवून बघा. पण तेल आपटतं की सरकतं हे डोळ्यांना दिसतं, त्यात विकणाऱ्याचा शब्द लागत नाही.

जादा तेलाचं म्हणाल तर दोन लिटर वाढवल्याने तापायला वेळ लागतो, इतकंच. छोट्या चढाला फायदा. तासभराचा चढ असेल तर शेवटी तापमान तिथेच जाऊन पोचतं, कारण तयार होणारी उष्णता कमी झालेली नसते.

अर्धवट मेकॅनिक:

दादा, कव्हर मागवायच्या आधी ब्रीदर बघितलात का? ॲक्सलच्या नळीवरून एक बारीक रबरी नळी वर फ्रेमकडे जाते, टोकाला टोपी असते. ती चोंदली की गरम झालेली हवा आत कोंडते आणि जिथे दुबळी जागा मिळेल तिथून तेल ढकलते. बोल्ट आवळून दोन दिवस बरं, मग परत तेच, असं लिहिलंत म्हणून विचारतोय. नुसतं पॅकिंग गेलं असतं तर ओझं असो नसो, पाझर सारखाच राहिला असता. तुमचा चढावर वाढतो का?

निवांत:

माझ्या गाडीला चार वर्षं सपाट पाठीचं ॲल्युमिनियम आहे. काही झालं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

पिनियनवाला:

@निवांत, ओझं किती ओढता? रिकाम्या गाडीला कुठलंही कव्हर चालतं, पत्र्याचंसुद्धा जन्मभर.

निवांत:

ओझं नाही. गाडी कामावर नेतो-आणतो. बरं, मागे घेतो.

धागाकर्ता:

ब्रीदरवाल्या दादांना दंडवत. आज खाली झोपलो. टोपी चिखलाने पार सिमेंट झाली होती. नळी ॲक्सलवरून ओढली तशी 'फुस्स' करून हवा सुटली आणि गंजका वास तोंडावर आला. हो, पाझर चढावरच वाढत होता, मी कधी त्याची सांगड घातली नव्हती. टोपी बदलली. पण पत्रा तर कुजलाच आहे, त्यामुळे कव्हर घ्यायचंच.

एक प्रयोगही केला. चढ संपल्या संपल्या लेझरवालं थर्मामीटर कव्हरवर धरलं, ११८ अंश आलं. नवीन बसवल्यावर त्याच चढावर परत बघेन.

पिनियनवाला:

बघा, पण फसू नका. ते यंत्र पृष्ठभागाची उष्णता वाचतं, तेलाची नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर आकडा खोटाच कमी येतो, कारण चकाकी उष्णतेचं उत्सर्जन कमी करते. लोक तिथेच "वीस अंश उतरले" म्हणून नाचतात. जुन्या आणि नव्या कव्हरवर काळ्या मॅट टेपचा एकेक तुकडा लावा आणि तिथे धरा. त्यातही गंमत अशी की चांगलं कव्हर बाहेरून जास्त गरम लागू शकतं, कारण ते आतली उष्णता बाहेर आणतंय. खरं मोजायचं तर ड्रेन प्लगच्या जागी सेन्सर बसतो का ते पाहा.

अर्धवट मेकॅनिक:

बेअरिंग कॅपच्या बोल्टांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. ते कॅपला जेमतेम टेकवायचे आणि चेकनट लावायचा. "घट्ट असलेलं बरं" म्हणून पाना घातला की कॅपवर नको तिथे दाब येतो आणि आपणच बेअरिंगचा घात करतो. नुसतं ओझं ओढणाऱ्याला त्यांची गरज मला तरी दिसत नाही.

बीड दगडांसाठी उत्तम, पण तुम्ही तिकडे जात नाही. ओतीव ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण तिप्पट उष्णता वाहून नेतं, तेच बघा. फक्त तापल्यावर ते पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून नुसत्या सिलिकॉनवर न ठेवता पोलादी गाभ्याचं आणि सिलिकॉनच्या कडांचं पॅकिंग घाला. पुन्हा वापरता येतं. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे, टॉर्क पान्यानेच.

आणि मागवताना "१४ बोल्ट" एवढंच सांगू नका. जीएमचं (जनरल मोटर्स) जुनं साडेदहा इंची ॲक्सलही १४ बोल्टचं आणि एएएमचं (अमेरिकन ॲक्सल कंपनी) साडेअकरा इंचीही १४ बोल्टचं. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. क्राऊनचा व्यास सांगा. स्टेपनी आणि अँटीरोल बारपासून किती जागा सुटते तेही मोजा, फुगीर कव्हर तिथे अडकतं.

धागाकर्ता:

ठरलं. गोल पाठीचं ॲल्युमिनियम, चुंबकी ड्रेन प्लगवालं. शेवटची शंका: नव्या कव्हरचं तेल भरायचं भोक जुन्यापेक्षा वर आहे. भोकातून ओघळेपर्यंत भरायचं का?

पिनियनवाला:

नाही! नव्या कव्हरसोबत पातळी लिहून आली असेल तर ती पाळा. नसेल तर गाडी सपाट जागी उभी करून जुन्या भोकाची उंची ॲक्सलच्या नळीच्या मध्यापासून मोजून ठेवा, आणि तीच पातळी नव्यात राखा. जास्त भरलं की तेल नळीतून हबकडे जातं आणि सील फोडून ब्रेकवर येतं.

धागाकर्ता:

मोजलं. नवं भोक १८ मिलिमीटर वर आहे. तारेला वाकवून खूण केलीय, तीच बुडवून बघणार. जुनं तेल काढलं तेव्हा तळाला काळसर लेप होता, चिमटीत चोळला तर ग्रीससारखा, खरखर नाही लागली. दाताचा तुकडा एकही नाही.

अर्धवट मेकॅनिक:

मग झोपा निवांत. दोन हजार किलोमीटरनंतर चुंबक एकदा पुसून बघा.