घराखालची ओल : तुम्ही काय केलंत?

धागा काढणारी, देवरूख

आधी अनुभव हवेत, सल्ले नंतर. आमचं जांभ्याचं घर साधारण साठ वर्षांचं. सात वर्षांपूर्वी शेणाची जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या आणि भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढते. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि मागे कापसासारखा पांढरा खार फुटतो. मी तो जिभेला लावून पाहिला. सासूबाईंनी नुसती मान हलवली.

गेल्या वर्षी एका वॉटरप्रूफिंगवाल्याकडून आतून केमिकलचे दोन थर मारून घेतले. ओल गेली नाही, फुटभर वर सरकली. आता ती खिडकीखाली दिसते. पुन्हा पैसे घालण्याआधी विचारतेय, तुमच्याकडे पाणी नक्की येत कुठून होतं?

राजापूर

आमची ओल पावसाची नव्हती, डोंगराची होती. एवढं कळायला चार पावसाळे गेले.

घरामागे आठ फूट दरड कापलेली आहे. मिरगाचे पहिले काही दिवस घर खडखडीत कोरडं. मग आर्द्रात डोंगराने एकदा पाणी धरलं की स्वयंपाकघराच्या फरशीच्या सांध्यांतून बारीक बुडबुडे यायला लागायचे. पाऊस उघडला तरी पुढे दोन-तीन दिवस येतच राहायचे. आम्ही सांधे भरून घेतले, तर उमाळे शेजारच्या खोलीत फुटले. शेवटी वाडीतले एक म्हातारे काका येऊन ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "अरे, ही उपळट जागा. इथे तुझा आजोबा तरवा काढायचा." उपळट म्हणजे खालून पाणी फुटणारी जमीन, तरवा म्हणजे भाताची रोपं. म्हणजे पाणी आमच्या घरात येत नव्हतं, आम्हीच पाण्यात घर बांधलं होतं.

मग मागच्या भिंतीपासून चार फुटांवर चर मारला. फरशीच्या पातळीपेक्षा दोन फूट खोल, दोन्ही टोकांकडे उतार. इंजिनिअरने एकच बजावलं होतं, पायाच्या तळाखाली खणायचं नाही. चरात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला, वर खडी. पाइपचं तोंड गडग्याबाहेर व्हाळात, म्हणजे ओढ्यात काढलं.

पहिल्या वर्षी पैसे वाचवायला खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड घातलं नाही. लाल माती खडीत बसत गेली आणि ऑगस्टात पाइप ठार तुंबला. दिवाळीनंतर सगळं उकरून पुन्हा केलं, तेव्हा कापडाचा खर्च मजुरीपुढे किरकोळ निघाला. तोंडाला जाळी लावा, नाहीतर कुर्ल्या आत घर करतात. आमच्या केल्या होत्या. आता फरशी कोरडी आहे. मागची भिंत श्रावणात अजून थोडी दमट लागते, पण तेवढं चालतं.

गुहागर

मे महिन्यातही ओल दिसत असेल तर पावसाला शिव्या देऊ नका. आमच्याकडे मोरीखालचा ट्रॅप गळत होता, आणि भिंतीला लागून असलेल्या माडाच्या आळ्यात आम्हीच रोज दोन बादल्या ओतत होतो. ट्रॅप बदलला, आळं बुजवलं. तो माड आता आपल्या नशिबाने जगतोय.

तारकर्ली

माझा प्रकार जरा वेगळा. घर नाही, पर्यटकांसाठी लाकडी कॉटेज. काँक्रीटच्या खांबांवर, वाळूपासून अडीच फूट उंच. खाली कुत्री झोपायची, ते बरं दिसेना म्हणून चारी बाजूंनी प्लायने बंद केलं. एका पावसाळ्यात जमिनीच्या फळ्या वाटीसारख्या वळल्या. खोलीत कुबट वास. खाली टॉर्च घेऊन सरपटत गेलो तर फळ्यांच्या पोटाला पांढरी बुरशी आणि थेंब लोंबत होते, छत गळावं तसे. वर छप्पर एकदम धड होतं!

दोन गोष्टी झाल्या होत्या. ओल्या वाळूतली वाफ कोंडली होती, आणि वर पाहुणे एसी अठरावर लावून झोपत होते. गार पडलेल्या फळीला खालून दमट हवा लागली की पाणी सुटणारच, थंड बाटलीला सुटतं तसं. प्लाय काढून जाळी लावली. वाळूवर २५० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद अंथरला, जोडाला फूटभर एकावर एक, कडा खांबांवर वीतभर चढवून टेपने चिकटवल्या. पहिल्यांदा कागद सपाट घातला तर त्यावर तळं साचलं, म्हणून आधी वाळूला उतार दिला. एसीच्या रिमोटवर '२५' लिहिलेला कागद चिकटवलाय. निम्मे पाहुणे ऐकतात. कुत्री परत आली आहेत.

अलिबाग

आम्ही नवीन घर बांधलं तेव्हा कंत्राटदाराने जोत्यात खाडीची वाळू भरली. मुरूम महाग पडतो म्हणाला. आम्ही मुंबईत, बघायला कोण? खारी वाळू हवेतला दमटपणा ओढत राहते. मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात काय होतं आठवा, तेच आमच्या फरशीखाली चाललंय. टाइल्सच्या सांध्यांतून खार येतो, पुसला की चार दिवसांनी पुन्हा हजर. एका खोलीची फरशी काढून वाळू उपसली, मुरूम चोपून भरला, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, प्लास्टिक कागद आणि मग काँक्रीट. ती खोली ठीक आहे. बाकीच्या तीन पैसे जमतील तशा.

चिपळूण, व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर

देवरूखच्या ताई, तुमची ओल वर का सरकली ते सांगतो. जांभा सच्छिद्र असतो. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी तो चालतो. असा चिरा जमिनीतलं पाणी कंदिलाच्या वातीसारखं वर ओढतो. पूर्वी ते शेणाच्या जमिनीतून आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाटेतच उडून जायचं. तुम्ही खाली टाइल्स घातल्या, दोन्ही बाजूंना सिमेंट लावलं, वर केमिकल. पाणी येणं थांबलं नाही, बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. मग ते जिथे वाट सापडेल तिथपर्यंत चढणार.

नव्या घराला जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर घालतात, दीड-दोन इंच दाट काँक्रीट, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, वर डांबर. बांधतानाच घातला तर स्वस्त, नंतर घालायचा म्हणजे भिंत टप्प्याटप्प्याने कापणं आलं. भोकं पाडून केमिकल सोडण्याचा उपाय विटेत बरा चालतो. जांभ्यात मला दोनदा अपयश आलं. भोकातून भोकात जाऊन ते भलतीकडूनच बाहेर आलं.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे अनेकांनी दिवाळीपर्यंत रंग काढून घेतला. पुढच्या पावसाआधीच तो फुगला, कारण जोती आतून वाळलीच नव्हती.

आधी एक करा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर पाणी जमिनीतलं. वर आले तर हवेतलं; तिथे फरशी उकरून काही उपयोग नाही.

सावंतवाडी

घरात गॅस आला, चूल बंद झाली, आणि ओल दिसायला लागली. याचा कोणी हिशेब मांडत नाही. चूल दिवसातून दोनदा पेटायची तेव्हा माजघर ऐन आषाढात सुकं असायचं. आता तर घराला कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. महिनोन्महिने कोंडलेलं घर घामेजणार नाही तर काय. आमची आजी गवंडी दिसला की एकच सांगायची, "पयला पाणी खंयसून येता ता बघ, मगे थापी हातात घे."

धागा काढणारी, देवरूख

प्लास्टिक दोन ठिकाणी लावलं. ओटीवर थेंब वरच्या बाजूला. माजघरात खालच्या बाजूला, चांगले टपोरे.

मग आजीबाईंचं ऐकून पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरले. माजघराच्या भिंतीबाहेर खळं, म्हणजे अंगण आहे. तिथे तीन वर्षांपूर्वी भरणी करून पेव्हर ब्लॉक घातले. पागोळ्या नेमक्या पेव्हरवर पडतात आणि उडालेलं पाणी थेट गिलाव्यावर जातं. पेव्हरचा उतार घराकडे आहे, हे मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आतली फरशी आणि बाहेरचं खळं यांत आता जेमतेम चार बोटांचा फरक उरलाय.

सध्या वळचणीला पत्र्याची पन्हळ लावली. पेव्हर गणपती झाले की काढणार, आणि त्या भिंतीचा बाहेरचा सिमेंटचा गिलावा गुडघ्यापर्यंत उतरवून चुन्याचा करणार. चुन्याचं काम करणारा गवंडी कोणाला माहीत असेल तर निरोप करा. सासूबाईंना विचारलं, खळ्यात उतरायला पूर्वी किती पायऱ्या होत्या? म्हणाल्या, तीन. आता एकच दिसते.