प्रतिसाद: थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा आणि ८ लाख बाट

वर कुणीतरी लिहिलंय की रिटायरमेंट व्हिसाच्या वार्षिक मुदतवाढीसाठी अर्जाच्या दिवशी खात्यात ८ लाख बाट (थाई चलन) दाखवले की काम झालं, नंतर काढून घेतले तरी चालतात. तसं करू नका, पुढच्या वर्षी हमखास अडकाल. ही रक्कम थाई बँकेत अर्जाआधी दोन महिने पडून असावी लागते आणि मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने हलवायची नसते. त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. २०१९ पासून हे असंच आहे. थोडक्यात, निम्मे पैसे कायमचे अडकलेच म्हणून समजा आणि रोजच्या खर्चाला दुसरं खातं ठेवा. मी तर म्हणेन या खात्याचं एटीएम कार्डच घेऊ नका.

पैशांची अट पूर्ण करायचा दुसरा मार्ग दरमहा ६५,००० बाट उत्पन्नाचा. पेन्शन चांगली असेल तर सोयीचा, पण पैसे परदेशातून आलेत हे पासबुकातल्या नोंदीवरून दिसलं पाहिजे. काही ट्रान्स्फर अ‍ॅप शेवटचा टप्पा स्थानिक खात्यातून करतात, मग नोंद देशांतर्गत दिसते आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर वाद होतो. पहिल्याच महिन्यात पासबुक छापून तपासा. उत्पन्न आणि शिल्लक मिळून वर्षाचे ८ लाख भरले तरी चालतं, पण त्यात कागद दुप्पट.

आणि हो, इमिग्रेशनला जायच्या दिवशी सकाळी शंभर बाट भरून पासबुकात ताजी नोंद घ्या. बँकेचं पत्रही त्याच दिवशीचं असलेलं बरं.